चोवीस मिनिटांची किंमत

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीतून एकटेच इंटिरियर डिझाइनचं काम करता. वर्षाची जमा साधारण ५ लाख ४० हजार, घरखर्च महिना २८ हजार, आणीबाणीसाठी बाजूला ७० हजार. कॉम्प्युटर २०२० सालचा: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड. मोठं रेंडर (डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेणं) लावलं की सात तास जातात, आणि मशीन अडकून पडल्यामुळे महिन्याला दोन कामं परत पाठवावी लागतात. मित्र म्हणतो, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळव; त्याच्या खर्चावर टॅक्सही वाचेल. त्यासाठी लिक्विड कूलर आणि ७५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) मिळून दुकानदारानं १६,८०० सांगितलेत. त्याच दुकानात रायझन ७ ५७००एक्स १५,२०० ला आहे, आणि अख्खा नवा पीसी ९२ हजारांना, 'नो कॉस्ट' हप्त्यावर. काय करू?

आधी कराचं उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. तुम्ही अनुमानित योजनेत रिटर्न भरता, म्हणजे जमेचा निम्मा भाग, २ लाख ७० हजार, तुमचं उत्पन्न धरलं जातं. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. जो कर लागतच नाही तो वाचणार कुठून? कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (वस्तू जुनी होते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट) मिळतो हे मित्राचं म्हणणं बरोबर आहे, पण तो हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याला. या योजनेत घसारा त्या निम्म्या भागातच धरलेला असतो.

आता ओव्हरक्लॉकिंग. तुमचा ३६०० कंपनीच्या सेटिंगवरच गरजेप्रमाणे ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतः चढतो. सगळ्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांवर) भार आला की थोडा खाली येतो, तेवढीच फट तुम्ही भरून काढणार. धरा ६ टक्के मिळाले. सात तास म्हणजे ४२० मिनिटं, त्यात वाचली २४. तीही तुम्ही गाढ झोपेत असताना! त्या २४ मिनिटांचं बिल कुठल्या ग्राहकाला लावणार?

त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी गोम तिथं आहे. प्रोसेसरची विजेची भूक वेग वाढला तर त्याच पटीत वाढते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या पटीत. १.२५ चं १.३५ केलंत तर ६ टक्के वेगासाठी जवळजवळ २४ टक्के जादा वीज, आणि तेवढीच जादा उष्णता. महागडा कूलर लागतो तो त्या उष्णतेसाठी. एवढं करून सेटिंग जरा कच्चं राहिलं आणि पहाटे तीनला रेंडर लटकला, तर एका रात्रीत सतरा-अठरा रात्रींची बचत गेली. (गेम खेळणाऱ्याचा पीसी लटकला तर तो चार शिव्या देऊन रीस्टार्ट करतो. तुम्हाला सकाळी ग्राहकाला फोन करावा लागतो.) ओव्हरक्लॉकिंगला माझा विरोध नाही, तो एक छान नाद आहे. पण नादाचे पैसे धंद्याच्या गल्ल्यातून काढायचे नाहीत.

५७००एक्सचा हिशेब वेगळा बसतो. तो तुमच्या बोर्डवरच्या एएम४ सॉकेटमध्येच, म्हणजे आत्ताच्या प्रोसेसरच्याच जागी, बसतो आणि वॅटेजच्या त्याच ६५ च्या वर्गातला आहे, त्यामुळे एसएमपीएस बदलायची गरज नाही. सहाऐवजी आठ कोअर म्हणजे एक तृतीयांश वाढ. शिवाय ही पुढची पिढी तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्ये १९ टक्के जास्त काम करते असं एएमडीनंच जाहीर केलं होतं. कागदावर दीडपटीच्या वर जातं, प्रत्यक्षात सात तासांचं काम साडेचार-पाच तासांवर आलं तरी पुरे. रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात आज तुमचं एकच रेंडर बसतं, मग दोन बसतील. परत पाठवलेली दोन कामं घरी राहतील. एका कामाचे चार हजार धरले तरी प्रोसेसरचे पैसे दोन-अडीच महिन्यांत निघतात.

पण आज घेऊ नका. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेली की आपल्याकडे इशारा, ४३ ला धोका. तुमचे ७० हजार म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च, आणि कमाई कधी भरती कधी ओहोटी. अशा माणसाजवळ सहा महिन्यांचे, १ लाख ६८ हजार, असावेत. म्हणजे तुम्ही आधीच इशारा पातळीवर आहात, फक्त इथं पाणी चढण्याऐवजी उतरतंय. त्या पैशाला हात लावू नका. येणाऱ्या अ‍ॅडव्हान्समधून महिना सहा हजार बाजूला काढा. तीन महिन्यांत १८ हजार होतात, त्यात प्रोसेसर आणि साधा एअर कूलर बसतो, कारण ५७००एक्सच्या खोक्यात कूलर येत नाही. दसरा-दिवाळीला फ्लॅटच्या ताब्याची घाई सुरू होण्याआधी मशीन तयार हवं, एवढं बघा. जुना ३६०० विकून येतील ते आणीबाणीच्या पैशात टाका.

९२ हजारांचा पीसी नको. वर्षभर महिना ७,६६७ चा हप्ता तुमच्या कमाईवर ओझंच आहे, आणि 'नो कॉस्ट'मध्ये प्रोसेसिंग फी, व्याजावरचा जीएसटी आणि हुकलेली रोखीची सूट धरली की कॉस्ट बरोबर निघते.

तोवर फुकटात होणारी एक गोष्ट करा. रॅम ३२०० ची असूनही बायोसमध्ये प्रोफाइल चालू न केल्यामुळे २१३३ किंवा २४०० वर रखडलेली मी बऱ्याच जणांकडे बघितली आहे. ते तपासा. रेंडरमध्ये फार फरक पडणार नाही, पण रोजचं काम हलकं होईल. नवा प्रोसेसर आणायच्या आधी बोर्डचं बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर ५७००एक्स बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही. ते काम यूपीएसवरच करा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि काहीही बदलण्याआधी आत्ताच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.