लॉकच्या काठी, सासूबाईंना घेऊन

प्रश्न : आमचा मुलगा ग्लासगोला असतो. जूनमध्ये मी, हे आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई त्याच्याकडे जाणार आहोत. ग्लेनकोच्या डोंगरात, लॉक लेव्हनच्या (तिकडे तळ्याला किंवा खाडीला 'लॉक' म्हणतात) काठी कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या साइटवर चार रात्री राहायचं घाटतंय. मुलगा म्हणतो, भाड्याची मोटरहोम (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊ आणि जागा आवडेल तिथे काठावर थांबू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री उठावंही लागतं. आम्ही शाकाहारी. जमेल का, ताई?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, आणि सासूबाईंना नक्की न्या. पण 'आवडेल तिथे थांबू' हे मुलाच्या डोक्यातून आधी काढा. स्कॉटलंडच्या 2003 च्या कायद्याने रानावनात पायी फिरायचा, छोटा तंबू टाकायचा हक्क सगळ्यांना दिला आहे. मोटारगाड्या त्यात येत नाहीत. शिवाय मोटरहोमच्या संडासाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करावी लागते. ती सोय साइटवर असते, रस्त्याकडेला नाही.

माझं मत विचाराल तर मोटरहोमच नको. चार मोठी माणसं म्हणजे रोज रात्री टेबल मोडून त्याचा पलंग करायचा आणि सासूबाई उठल्या की वाटेतल्या माणसानेही उठायचं. काही साइटवर एका जागी पक्की बसवलेली स्टॅटिक कॅराव्हॅन भाड्याने मिळते. तिच्यात वेगळ्या खोल्या, फ्लशचा संडास, गरम पाणी, हीटर, सगळं असतं. बुकिंग करताना एवढं विचारा : दाराशी पायऱ्या किती, आणि धरायला कठडा आहे का? फोटोत लॉक दिसतो, पायऱ्या दिसत नाहीत.

पत्ताही नीट बघून घ्या. लॉक लेव्हन नावाचे दोन आहेत. स्कॉटलंडच्या राणी मेरीला 1567 मध्ये कैदेत ठेवलं तो किल्ला पूर्वेकडे, किनरॉसजवळच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात आहे. तुमचा ग्लेनकोचा लॉक म्हणजे डोंगरात शिरलेली समुद्राची जीभ. पाणी खारं, भरती-ओहोटी रोजची. सकाळी दारापर्यंत आलेलं पाणी दुपारी मागे सरतं आणि शेवाळाने माखलेले तपकिरी दगड उघडे पडतात. सासूबाईंना काठापर्यंत न्यायचं तर भरतीची वेळ धरा, त्या दगडांवर पाय घसरतो.

आता मिजेस. डासांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथली खरी कटकट हीच. मिज म्हणजे डासापेक्षा कितीतरी बारीक, तिळाहून लहान चिलट. एकट्याने येत नाही, ढगाने येतं आणि केसांच्या मुळाशी, कानामागे, मनगटावर चावतं. रोग देत नाही, पण माणसाला बाहेर बसू देत नाही. ढगाळ, दमट, वारा पडलेली संध्याकाळ त्याची आवडती. थोडा वारा सुटला की त्याला उडताच येत नाही. म्हणून झाडीच्या आडोशाची जागा घेऊ नका, काठालगतची मोकळी, वाऱ्यावरची मागा. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी तिथल्या दुकानांत मिळते, प्रत्येकाला एक घ्या. संध्याकाळी दिवा लावण्याआधी खिडक्या बंद. तेवढ्यासाठी फोडणीही दुपारीच उरकलेली बरी, कारण फोडणीला खिडकी उघडावीच लागते. बंद कॅराव्हॅनमध्ये गॅस पेटता ठेवणं धोक्याचं आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते पोचल्या पोचल्या बघा.

स्वयंपाकाची काळजी नको. डाळ-तांदूळ, मसाले, कणीक ग्लासगोहूनच भरा. भाजी, दूध, ब्रेड जवळच्या बालाहुलिश गावातल्या दुकानात मिळेल. छोटा कुकर न्या, शेगडीचे बर्नर लहान असतात. मुलगा मोटरहोमवरच अडून बसला तर विजेचं गणित त्याला सांगा. हुक-अप (साइटवरची वीजजोडणी) 10 अँपिअरचं असेल तर साधारण 2300 वॉट मिळतात. हीटर चालू असताना विजेची किटली लावली की वीज गेलीच.

जूनमध्ये दिवसा पंधरा-सोळा अंश आणि रात्री आठ-दहा, एवढी थंडी धरून चला. पाऊस कधीही. सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर, म्हणून झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी घ्या.

सासूबाईंसाठी एक जागा मुद्दाम सांगते : गावाशेजारचं ग्लेनको लोखन हे छोटं तळं. इथले जमीनदार लॉर्ड स्ट्रॅथकोना यांची पत्नी इझाबेला कॅनडाची. तिला माहेरच्या मुलखाची आठवण येई, म्हणून त्यांनी या तळ्याभोवती उत्तर अमेरिकेतली झाडं लावली. आज ती उंचच उंच झाली आहेत. तळ्याभोवतीची वाट बरीचशी सपाट आहे, आणि वारा नसेल तर पॅप ऑफ ग्लेनकोचा सुळका पाण्यात अख्खा उतरतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगर इतका जवळून क्वचितच भेटतो. वारा नसेल तर मिजेस असणारच, तेव्हा जाळी तिथेही न्या.

ग्लासगोहून ए 82 रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर आहे. लॉक लोमंडच्या वरच्या टोकाकडे रस्ता अरुंद आणि वळणांचा, सासूबाईंना पुढे बसवा. आणि शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार मागा, काठालगतची जागा मिळण्याची आशा तेव्हाच जास्त.