डबा अर्धा परत येतो, तरी वजन वाढतंय

"मी तर काहीच खात नाही, तरी वजन वाढतंय." आहार समुपदेशन करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य रोज कानावर पडतं. ऐकणारे गालात हसतात. मी हसत नाही, कारण बरेचदा समोरचा माणूस खरंच बोलत असतो.

नाशिकच्या मेन रोडला कापडाचं दुकान असलेले एक शेठ आले होते (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत). वय पंचेचाळिशीचं, दिवसभर गादीवर बैठक. बोलत मात्र होत्या वहिनी. "मॅडम, यांचा डबा बघा तुम्ही. दोन पोळ्या दिल्या तर एक परत. भाजी निम्मी, वरण तसंच. आणि रात्री दहाला पानावर बसले की उठायचं नाव नाही." शेठ म्हणाले, "दुपारी भूकच लागत नाही, त्याला मी काय करू?"

आधी रक्त तपासून घेतलं. थायरॉइड ठीक निघालं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची चाचणी, मात्र ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह दारात उभा आहे, आत आलेला नाही. मग आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगितलं. त्यांनी इमानदारीत लिहिलं, अगदी ग्राहकाने दिलेला अर्धा पेढासुद्धा. त्या वहीत पेय म्हणून एक शब्द नव्हता.

"चहा?"

"असतो की. अधूनमधून."

'अधूनमधून' हे मोजमाप माझ्या कामाचं नाही. बाजारपेठेत चहाचे पैसे कपाला कप दिले जात नाहीत, टपरीवाल्याकडे दुकानाचं खातं असतं आणि महिन्याला हिशोब होतो. टपरीच्या त्या खातेवहीच्या पानाचा फोटो मागवला. तारखेपुढे उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. कामगारांचे, ग्राहकांचे, माल दाखवायला आलेल्या एजंटांचे कप वजा करत आम्ही तिघं बसलो. शेठच्या वाट्याला रोज सात-आठ कटिंग आले. लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली की त्याहून जास्त, कारण पाहुण्यांबरोबर यजमानाने घोट घेतला नाही तर बरं दिसत नाही.

टपरीचा कटिंग छोटा दिसतो, पण त्यात साधारण दोन चमचे साखर असते. दूध-साखर धरून एका कपाचे पन्नास-साठ कॅलरी. आठ कपांत साठेक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायला सांगितली. दोन हजार कॅलरीच्या आहारात ती ५० ग्रॅम होते, आणि २५ वर आणता आली तर उत्तम. शिवाय उन्हाळ्यात चारच्या सुमाराला रसवंती. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज जाते. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध-कोमट पाणी, ते वेगळंच. त्याने चरबी वितळत नाही. मधाचे दोन चमचे म्हणजे चाळीस कॅलरी, बाकी त्यात काही जादू नाही.

शेठचा प्रश्न रास्त होता. "एवढं पोटात जातं, तर रात्री जेवण कमी व्हायला नको का?"

नेमकं तेच होत नाही. चावून खाल्लेल्या अन्नाची दखल शरीर घेतं आणि पुढच्या जेवणात तेवढं कमी मागतं. पातळ पदार्थ घशाखाली पटकन उतरतो, पोटातून लवकर पुढे सरकतो, आणि मेंदूच्या हिशोबात तो नीटसा धरलाच जात नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरीच्या जेलीच्या गोळ्या दिल्या, आणि वेगळे चार आठवडे तेवढ्याच कॅलरीचं गोड सोडा पेय. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचं इतर खाणं आपोआप कमी झालं. सोड्याच्या वेळी झालं नाही, वजन वाढलं.

शेठच्या बाबतीत चहा दुहेरी खेळत होता. डबा उघडायच्या आधी अर्ध्या तासात दोन कटिंग. कॅफीन आणि साखर मिळून भूक तात्पुरती दबायची. ती मरायची नाही, पुढे ढकलली जायची, आणि रात्री दहाला व्याजासकट वसूल व्हायची. दुकान बंद करताना घेतलेल्या शेवटच्या कपाने झोप लागायला उशीर व्हायचा. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात.

उपाय सोपा वाटतो, पण मेन रोडवर तो सोपा नाही. टपरीच्या पातेल्यात साखर आधीच उकळलेली असते. बिनसाखरेचा मागून मिळत नाही. शेठनी एका सोमवारी चहा एकदम तोडला आणि मंगळवारी डोकं धरून बसले. कॅफीन अचानक थांबवलं की असं होतंच, म्हणून दर आठवड्याला एकेक कप कमी करायचं ठरवलं. टपरीवाला आता त्यांच्यासाठी आल्याचा कोरा चहा वेगळा करतो. बस्त्याच्या मंडळींसमोर शेठच्या हातात ग्लास असतो, एवढं पुरतं. बारानंतर डबा खाईपर्यंत चहा नाही. डब्यासोबत वहिनींनी जिरं घातलेलं पातळ ताक सुरू केलं. लस्सी नव्हे, ताक! या दोघांत साखरेचा फरक आहे, आणि तो कितीतरी जण विसरतात. संध्याकाळी सहाला फुटाणे. रसवंती आठवड्यातून एकदा, लहान ग्लास. ती पूर्ण बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी पुढची भेटच टाळली असती.

डाएट कोला चालेल का, असं त्यांनी विचारलंच. मी नको म्हटलं: वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडवा वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सांगितलंय. नाशिककर असल्यामुळे वाइनचाही विषय निघतो. दीडशे मिलीलीटरच्या ग्लासात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि दारूने भूक चाळवते. वाइनसोबतची चकली कोण मोजतो?

पंधरा-वीस दिवसांत डबा रिकामा यायला लागला. रात्रीच्या दोन भाकरी कमी झाल्या, कुणी न सांगता. वजन हळू उतरतंय, महिन्याला किलोभर, आणि या वयात मला तेवढंच हवं आहे. एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देतं, त्यामुळे घाईने पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. ते दिवाळीनंतर करू. वहिनींचं हिमोग्लोबिन कमी निघालं आहे आणि त्या जेवणावर लगेच चहा घेतात. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून त्यांना जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा बंद. त्यावर शेठ फार खूश होते.