जुन्या पिकअपच्या हौद्याला घरच्या घरी स्प्रे लायनर मारता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५ची पिकअप आहे, हौदा गंजलाय, घरी कॉम्प्रेसर आहे. व्हिडिओत दिसतो तो काळा, खरखरीत स्प्रे लायनर, म्हणजे पत्र्यावर फवारायचं जाड कोटिंग, पाऊस सुरू व्हायच्या आत, म्हणजे मेअखेर, स्वतःच मारायचा विचार आहे. जमेल का, आणि गंज थांबेल का?

मारायला जमतो. गंज त्याने थांबत नाही. आणि मेअखेर तर अजिबात मारू नका. मी हे काम माझ्या गाडीवर दोनदा केलंय, त्यातलं पहिलं नेमकं मेअखेरीसच केलं होतं.

माझी गाडी रत्नागिरीकडची. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी चिरा म्हणजे जांभा दगड, आणि मध्ये मध्ये मिरकरवाडा बंदरावरून मासळीचे क्रेट. चिरा पत्र्यावरचा रंग खरवडून काढतो आणि मासळीच्या बर्फाचं खारं पाणी त्या ओरखड्यांत जाऊन बसतं. पत्र्याचं आणखी वाटोळं करायला दुसरं काही लागत नाही. तर पहिल्या वेळी मी तारेच्या ब्रशने वरवरचा गंज झाडला, थिनरचा बोळा फिरवला आणि एका डब्यात येणारं तयार कोटिंग मारून टाकलं. गाडी नवी दिसायला लागली. शेजारचे बघून गेले. गणपतीत केबिनमागच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फुगा आला. अंगठ्याने दाबला तर कडेने तांबडं पाणी आलं. नखाने उचलून ओढलं, तर तव्यावरून घावन सुटावं तसा वीतभर पापुद्रा अख्खा हातात आला. खाली पत्र्याचे पदर सुटलेले.

कारण साधं आहे. हे कोटिंग म्हणजे पत्र्याला घातलेला रेनकोट. आत ओल राहिली किंवा कुठल्याशा कडेने शिरली, तर ती बाहेर पडत नाही. उघडा पत्रा निदान उन्हात सुकतो तरी. शिवाय गंजाचा थर पत्र्याला घट्ट धरून नसतोच, त्यामुळे त्यावर कितीही महागाचं काही मारा, ते गंजाला चिकटतं, पत्र्याला नाही.

म्हणून कोटिंगची चौकशी करण्याआधी एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि छोटा हातोडा घेऊन हौद्यात उतरा. ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा भदभद वाजतो. भदभद वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आरपार गेला तर तो भाग कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्यायचा, लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून न्यायची नाही. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्याही खालून बघा, त्यांच्या आत चिखल साचतो. वेल्डिंगचं सगळं काम कोटिंगच्या आधीच उरकायचं. नंतर कधी करायची वेळ आलीच, तर वेल्डरला सांगून त्या जागेभोवतीचं कोटिंग आधी घासून काढायला लावा. हे कोटिंग पॉलियुरेथेनचं असतं, आणि ते जळलं की निघणारा धूर विषारी असतो.

आता घासणं. माझे दुसऱ्या वेळी चार दिवस घासण्यात गेले आणि स्प्रे मारायला अडीच तास लागले. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून सुटा गंज काढायचा, मग फ्लॅप डिस्कने पत्रा चमकेपर्यंत. कोपरे आणि नाल्या हाताने, ८० नंबरच्या पेपरने. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो काढायची गरज नाही, पण त्याची चकाकी पूर्ण जायला हवी. चकाकणाऱ्या रंगावर काही धरत नाही.

कितीही घासलं तरी पत्र्याला पडलेल्या बारीक खड्ड्यांत गंज राहतोच. तिथे रस्ट कन्व्हर्टर वापरा. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं, आणि तांबडा गंज काळा पडतो. आपल्याकडे हिरडा (त्यात टॅनिन) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई करायचे, टॅनिनवाल्या कन्व्हर्टरचं रसायन तेच: लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळं. आम्लवालं वापरलंत तर बाटलीवर सांगितल्याप्रमाणे नंतर ते धुऊन किंवा पुसून काढा. आम्ल राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट पिकत नाही. मग उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा, म्हणजे मारायच्या आधी हार्डनर मिसळायचा, इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड स्वस्त आहे म्हणून त्याचा मोह होतो, पण साध्या रेड ऑक्साइडवर दोन घटकांचं कोटिंग मारलं तर त्यातल्या सॉल्व्हंटने खालचा थर सुरकुतू शकतो. गंज अडवायचं काम खरं तर हा प्रायमरच करतो. लायनरचं काम प्रायमरला चिऱ्यापासून आणि क्रेटपासून वाचवायचं.

लायनर दोन घटकांचाच घ्या. मी रॅप्टरचा किट घेतला होता, दुसऱ्या कंपन्यांचेही मिळतात. त्याच्या बाटलीत ७५० मिली माल असतो, वरची जागा हार्डनरसाठी मोकळी. २५० मिली हार्डनर ओतून बाटली दोन मिनिटं जोरात हलवायची आणि गन थेट बाटलीवरच आट्याने बसवायची. आठ फुटी हौद्याला चार बाटल्यांत मला दोन हात जेमतेम बसले. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बाहेरच्या बाजूला उरलं नाही. अमेरिकेत पिकअपला दुकानात मारतात तो पॉलियुरिया वेगळा. तो गरम करून मोठ्या दाबाने मारतात आणि काही सेकंदांत घट्ट होतो. त्याचं यंत्र घरी आणायची गोष्ट नाही, त्यामुळे ते व्हिडिओ बघून हुरळू नका.

बाटलीत मिसळलेला माल आपल्या उकाड्यात डब्यावर लिहिलंय त्याच्या आधीच घट्ट होऊ लागतो. म्हणून एका वेळी एकच बाटली मिसळा. मी हुशारी करून दोन मिसळल्या होत्या. दुसरीच्या शेवटी गन थुंकायला लागली, तो पट्टा आजही हात फिरवला की कळतो.

कॉम्प्रेसर लहान असेल तर थांबत थांबत मारावं लागेल, पण निभतं. त्यातलं पाणी मात्र आधी काढा. टाकीच्या बुडाचा नळ उघडला की आपल्या हवेत अर्धा कप पाणी सहज निघतं. पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर लावा. हे कौतुकासाठी सांगत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कोटिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. पुढे त्यातूनच पाणी आत जातं. मेअखेर नको म्हटलं ते यासाठीच. तेव्हा हवा घामेजलेली असते, पत्राही दमट.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. तेव्हाही सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून दहा-साडेदहापर्यंत थांबायचं. पत्रा हाताला कोरडा आणि किंचित कोमट लागला पाहिजे. आणि समुद्राजवळ राहत असाल तर दुपारी वारा सुटायच्या आत आटपायचं. तो खारा वारा धूळ आणतो आणि तुमचा उडालेला फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर नेऊन बसवतो. वाळला की तो पेट्रोलनेही निघत नाही. साडेदहा ते एक एवढाच वेळ मिळतो, म्हणून मास्किंग, म्हणजे नको त्या जागा टेपने झाकणं, आदल्या दिवशीच करून ठेवायचं.

पहिला हात पातळ आणि आडवा, तासाभराने दुसरा हात उभा. दाब कमी आणि गन जवळ ठेवली तर दाणा जाड येतो, दाब वाढवून गन लांब धरली तर बारीक. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. हौद्याच्या तळाला मी बारीक दाणा ठेवला, कारण जाड दाण्यावर क्रेट सरकत नाहीत आणि उतरवणारी पोरं शिव्या घालतात. मास्किंग टेप कोटिंग ओलसर असतानाच काढा. दुसऱ्या दिवशी काढायला गेलात तर कडेसकट उचकटेल, आणि उचकटलेली कड म्हणजे पाण्याला दिलेलं दार.

मास्कबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. रुमाल किंवा कोविडमधला कापडी मास्क चालत नाही. आयसोसायनेटने दमा होऊ शकतो, आणि एकदा का शरीराने त्याचं वावडं धरलं की पुढे अगदी थोड्या वासानेही, किंवा वास न येताही, छाती भरते. सॉल्व्हंटची वाफ आणि बारीक कण दोन्ही अडवणारा, नव्या काडतुसांचा रबरी मास्क हा किमान. बाहेरून हवा पुरवणारा मिळाला तर तोच घ्या. दाढी असेल तर मास्क गालाला बसत नाही, काढून टाका. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या. बंद गॅरेजमध्ये नको, तीन बाजू उघड्या असलेल्या मांडवात मारा, आणि मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवा. ज्याला आधीच दमा आहे त्याने हे काम स्वतः करूच नये.

आता कशावर कोटिंग जायला नको ते. पाणी जायची भोकं पहिल्यांदा: त्यांत लाकडी खुंट्या बसवून ठेवा आणि नंतर काढा. फाळक्याच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा. मी हे विसरलो. तिसऱ्या दिवशी फाळका उघडेना, शेवटी हातोडा आणि भावाचा खांदा. चासीवर ठोकलेला नंबर कोटिंगखाली अजिबात झाकू नका, पासिंगला तो वाचता आला पाहिजे. रिफ्लेक्टर टेप काढली असेल तर नवी लावा. हौद्याच्या आत कुठलाही रंग द्या, पण अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवरचा रंगही बदलून घ्यावा लागतो.

रंगावरून आठवलं. सगळे काळा मारतात. एप्रिलच्या उन्हात काळा हौदा तापतो आणि तळाच्या पेट्यांतला आंबा त्या उष्णतेने खराब होतो. मी रंग मिसळता येणारा किट घेऊन फिकट करडा केला. तुम्ही वीट-खडीच वाहणार असाल तर काळा ठीक.

चासीला मी हे मारलं नाही आणि तुम्हीही मारू नका, असं माझं मत. तिथे सांधे, रिव्हेट, आतल्या पोकळ्या इतक्या की पूर्ण घासणं घरी शक्यच नाही, आणि अर्धवट घासून झाकणं म्हणजे पुन्हा माझा तो फुगा. प्रोपेलर शाफ्टवर, ब्रेकच्या नळ्यांवर, सायलेन्सरवर, रबरी बुशांवर तर एक थेंबही नको. आपल्याकडे चासीला जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. गंज थोडा अडतो हे खरं, पण रबर फुगतं आणि पहिल्या पावसात ते तेल ओढ्यात जातं. पोकळ्यांसाठी मेणासारखं कोटिंग मिळतं, ते दर वर्षी मारलेलं बरं.

झाल्यावर दोन-तीन दिवस गाडी नुसती उभी ठेवा आणि जड माल आठवडाभर नको. मासळी वाहिलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हौदा धुवा. माझ्या दुसऱ्या कोटिंगला तीन पावसाळे झाले. फाळक्याच्या कडेला चिऱ्याने दोन जागी पत्रा दिसतोय, तेवढं या डिसेंबरात घासून प्रायमर आणि पुन्हा लायनर. त्यासाठी उरलेला हार्डनर जपून ठेवला होता, तो डब्यातच दगड झाला. एकदा उघडला की हवेतली ओल त्याला पुरते, त्यामुळे मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका.

या पावसाळ्यापुरतं काय, तर सुटा गंज काढून प्रायमरचा एक हात द्या, हौद्यात पाणी साचू देऊ नका, आणि कोटिंगचे पैसे डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवा. स्क्रूड्रायव्हर टोचून झाला की हौद्याचे फोटो इथे टाका. वरचे नकोत, केबिनमागच्या दोन्ही कोपऱ्यांचे खालून काढलेले टाका.