नकाशा काढण्याआधी एकदा डेअरीवर जा

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा दोनदा वाचला. स्कोपस या शोधलेखांच्या सूचीवरून लेखांची माहिती उतरवायची, व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची आणि डिजिटल वित्त, वित्तीय समावेशन (म्हणजे सगळ्यांपर्यंत बँकसेवा पोचणं), शाश्वतता या शब्दांचा रंगीत नकाशा काढून संशोधनाचे प्रवाह सांगायचे. काम चांगलं आहे, कर. पण त्या नकाशात संशोधक काय लिहितायत तेवढंच दिसेल. शिरोळ तालुक्यातल्या बाईच्या खात्यावर काय घडतंय, ते त्यात यायचं नाही.

आधी शोधशब्द सुधार. नुसतं ‘वित्तीय समावेशन’ घालून शोधलंस, तर विषय कालपरवाच जन्मला असं वाटेल. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ सालचा. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू केला. ते सगळं लेखन ग्रामीण पतपुरवठा, सूक्ष्मवित्त, बचत गट या नावांखाली पडून आहे. ते शब्द घेतले नाहीस, तर सहकारावर वाढलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचाच इतिहास तुझ्या नकाशातून गळेल.

आता आकड्यांचं. जनधन २०१४ ला आलं, यूपीआय २०१६ ला. जागतिक बँकेच्या २०२१ च्या फाइंडेक्स या पाहणीत भारतातल्या ७८ टक्के प्रौढांचं खातं होतं. बहुतेक जण इथंच थांबतात. त्याच अहवालात पुढं आहे की खातेदारांपैकी साधारण ३५ टक्के जणांच्या खात्यावर वर्षभरात काहीच हालचाल नव्हती. तू दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात कर.

गेल्या महिन्यात मी एका गावात डेअरीशेजारी बँक मित्राकडं, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या माणसाकडं, बसलो होतो. दूध बिल जमा झालेलं. एक बाई आली, मशीनवर अंगठा ठेवला. लागला नाही. पदराला पुसून परत ठेवला, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. वर्षानुवर्षं भांगलण करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. पैसे आल्याचा मेसेज मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा शिरोली एमआयडीसीत कामावर. ती तशीच परत गेली. खात्यावर पैसे जमा झाले म्हणजे खातं चालू. तेव्हा कुठल्याही पाहणीत ही बाई ‘समाविष्ट’च धरली जाणार. तिचा स्वतःच्या पैशावर हात कितपत चालतो, हे मोजणारे लेख मला फार थोडे सापडले. प्रवाह शोधताना ही रिकामी जागाही नोंदव.

शाश्वततेबद्दल मला जास्त काळजी वाटते. संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ शाश्वत विकास उद्दिष्टं प्रस्तावनेत मांडायची आणि निष्कर्षात त्यांचं नावही नाही, असे लेख मी किती वाचले! आपल्याला हा शब्द पुरानं शिकवलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या पाव्हण्यांच्या घरात पाणी शिरलं. पुण्याच्या मुलानं लगेच पैसे पाठवले, ते खात्यावर आलेही. पण वीज नाही, मोबाईल बंद, एटीएम पाण्यात. आठ दिवस घर चाललं ते वाण्याच्या वहीवरच्या उधारीवर.

याच्याशेजारी केनियाचा एम-पेसा, म्हणजे तिथली मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा, ठेवून बघ. विल्यम जॅक आणि तवनीत सूरी यांचा २०१४ चा अभ्यास मुळातून वाच. आजारपण, पीक बुडणं असा फटका बसल्यावर एम-पेसा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटला. वापरणाऱ्यांच्या घरात तशी घट दिसली नाही, कारण लांबच्या नातेवाइकांकडून पैसे पोचत होते. आणि मोबाईलवरच्या पैशाची जवळपास रोकड करून देणारा एजंट होता. मग सगळ्या तालुक्यालाच एकदम पाण्यानं वेढलं आणि एजंटचं दुकानही बुडालं, तर? डिजिटल वित्त आणि शाश्वतता यांचा सांधा मला या प्रश्नात दिसतो. तो विचारायला कृष्णा-पंचगंगेच्या काठाइतकी योग्य जागा दुसरी कुठली?

तेव्हा लेखांचा नकाशा हा तुझा पहिला भाग ठेव. दुसऱ्या भागासाठी नृसिंहवाडीच्या आसपासची दोन गावं निवड. पुराच्या त्या दिवसांत पैसा कुठून आला, कुणाच्या हातून आला आणि किती दिवसांनी आला, एवढंच घरोघर विचार. बायकांशी बोलायचं तर दुपारी जा, सकाळी धारा नि डबे असतात.

पुढच्या शनिवारी घरी ये. येताना शोधशब्दांची नवी यादी आण. आणि त्याआधी दूध बिल जमा होतं त्या दिवशी कुठल्याही डेअरीवर दोन तास बसून ये. वही बरोबर ने, प्रश्नावली नको.

तुझा,
सर