विचारून की सांगून?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक वाक्य इतक्या वेळा येते की आता ते दारातूनच ऐकू येऊ लागले आहे: "आम्ही मुलांना एवढं स्वातंत्र्य दिलं, तरी त्यांची तक्रार आहेच." म्हणून ओळख पटू नये इतके तपशील बदलून एका कुटुंबाची हकिगत येथे सांगते.

वडील साताऱ्यात बँकेत अधिकारी, वय पंचावन्न. मुलगी चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. मैत्रिणींबरोबर ती राजगडावर मुक्कामी गेली आणि त्यावरून दोन महिने अबोला चालला होता. वडील म्हणत होते, "न विचारता गेली." मुलगी म्हणत होती, "सांगून गेले होते." दोघेही खरेच बोलत होते, आणि पहिल्या दोन भेटी याच दोन वाक्यांत संपल्या. आई मधल्या खुर्चीत पर्सचा बंद गुंडाळत बसलेली असे.

तिसऱ्या भेटीत मी वडिलांना कोरा कागद दिला आणि मुलीला दिलेले स्वातंत्र्य त्यावर लिहायला सांगितले. बँकेतल्या वळणदार अक्षरात त्यांनी यादी केली: मोबाइल घेऊन दिला, स्कूटर दिली, पुण्याला शिकायला जाऊ दिले, नोकरी करू दिली. मग प्रत्येक ओळीतील क्रियापदाखाली रेघ मारायची विनंती मी केली. चौथ्या रेघेपाशी पेन थांबले. "सगळीकडे 'दिलं'च आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

आपल्या भाषेत या गोष्टीसाठी शब्दांची वाण नाही, आणि त्यांतला फरक आपण बोलताना नकळत पाळतोही. परवानगी मागावी लागते. मुभा आणि सूट कोणीतरी देतो, आणि देणारा ती काढूनही घेऊ शकतो. मोकळीक म्हणजे गुराच्या गळ्यातले दावे सैल केल्यासारखे, दावे असतेच. स्वातंत्र्य या शब्दात मात्र 'स्व' आहे आणि 'तंत्र' आहे. एखाद्याच्या तंत्राने घ्यावे लागते, असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या मर्जीने, त्याच्या रीतीने चालावे लागते असाच अर्थ असतो. ज्याचे तंत्र त्याचे स्वतःचे, तो स्वतंत्र. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातही भाषण, संचार, व्यवसाय अशी सहा स्वातंत्र्ये नागरिकांचे हक्क म्हणून येतात आणि त्यांच्यावर वाजवी निर्बंध घालता येतात; पण निर्बंध घालता येतात म्हणून त्या हक्कांची मेहेरबानी होत नाही. घरात आपण मुभा देतो आणि तिला स्वातंत्र्य म्हणतो, बहुतेक भांडणे इथे सुरू होतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

हे सारे मी त्यांना व्याख्यानासारखे ऐकवले नाही. एवढेच विचारले, "पहिलं मतदान तुम्ही कधी केलंत?"

"एकोणनव्वदच्या लोकसभेला. मतदानाचं वय त्याच वर्षी एकवीसवरून अठरा झालं होतं."

"कोणाला मत द्यायचं, हे वडिलांना विचारलं होतंत?"

ते हसले. त्या खोलीत प्रथमच. "विचारलं नव्हतं, आणि सांगितलंही नव्हतं."

"मग ते स्वातंत्र्य तुम्हाला वडिलांनी दिलं होतं का?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे मला शिकावे लागले आहे. मग ते मुलीकडे वळून म्हणाले, "म्हणजे तू निदान सांगून तरी गेलीस."

येथे थांबले असते तर वडिलांवर अन्याय झाला असता. "बाबांनी काळजी करताच कामा नये," हा मुलीचा हट्ट तितकाच अविवेकी होता. आपल्याला दुःख देतो तो प्रसंगापेक्षा त्यावर लादलेला 'च', अशी माझी धारणा आहे: तिने विचारलेच पाहिजे, त्यांनी शांत राहिलेच पाहिजे. मी मुलीला विचारले, "तुझं प्राप्तिकराचं विवरणपत्र कोण भरतं?" ती ओशाळली. विवरणपत्र बाबा भरत होते, स्कूटरच्या विम्याचा हप्ताही तेच लक्षात ठेवत होते. 'स्व' तिला हवा होता, 'तंत्र' मात्र साताऱ्याहून चालत होते.

पालकांना मी सांगते की मुलांशी बोलताना आपले क्रियापद ऐका. बारा वर्षांच्या मुलाने विचारूनच बाहेर जावे, त्यात काही वावगे नाही. पण सज्ञान मुलाकडून 'विचारून जा' ऐवजी 'सांगून जा' एवढीच अपेक्षा ठेवा, आणि सांगितल्यावर उलटतपासणी करू नका, नाहीतर पुढच्या वेळी तेही कानावर येणार नाही. मुलांना सांगते की काळजी करणे हा पालकांच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, तो त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

शेवटच्या भेटीत मुलीने वडिलांचा संदेश दाखवला: "तोरण्यावर पोचलीस की कळव. विनंती आहे." खाली तिचे उत्तर होते: "कळवते. आणि विवरणपत्रात घरभाडं कुठे दाखवायचं? विचारतेय."