टोरांटोला निघण्याआधी माटुंग्यात उरकायची कामं

माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल झालंय, ऑगस्टअखेर टोरांटोला निघायचंय आणि कॉलेजशी, विशेषतः खूप जुन्या बॅचेसशी, नातं कसं जोडायचं असं तू विचारलं आहेस. यातलं निम्मं काम मुंबईतच करून जा.

कॉलेजचा ईमेल पदवीनंतर कधीही बंद होऊ शकतो. माजी विद्यार्थी संघाचं आजीव सभासदत्व घेताना स्वतःचा ईमेल दे. शेवटची गुणपत्रिका, पदवी आणि पासपोर्ट यांच्या झेरॉक्स सोबत ने आणि नाव तिन्हीकडे सारखं आहे का ते आधी बघ. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, पासपोर्टवर क्रम वेगळा. अशाने यादीत माणूस असूनही सापडत नाही. व्हॉट्सॲपचंही तसंच. इथलं सिम चालू असतानाच, तिकडचा नंबर मिळाल्या मिळाल्या, ॲपमधूनच नंबर बदल. म्हणजे सगळे ग्रुप सोबत येतात. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

आता जुनी माणसं. संस्था 1887 सालची, पण व्हीजेटीआयमधलं वीरमाता जिजाबाई हे नाव 1997 मध्ये आलं. त्याआधीचे लोक लिंक्डइनवर अजूनही व्हिक्टोरिया ज्युबिली लिहितात. दोन्ही नावांनी शोध, सोबत शहर घाल. पहिल्या मेसेजमध्ये नोकरीचा विषय काढू नकोस. रेफरल, म्हणजे नोकरीसाठी शिफारस, मागणाऱ्या अनोळखी पोराला उत्तर मिळत नाही, आणि ते साहजिक आहे. एवढंच लिही: 'नमस्कार सर, मी व्हीजेटीआय मेकॅनिकल, यंदाची बॅच. सप्टेंबरपासून स्कारबरोला राहणार आहे. हिवाळ्यात तिथून डाउनटाउनला रोज जाणं जमतं का?' दोन ओळींत उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. वय कितीही असो, 'सर' किंवा 'मॅडम' चालतं. काका-काकू त्यांनी म्हणू दिलं तर.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जुन्यांचीही आपल्याकडे कामं असतात. आपली पदवी तिकडच्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवणारी परदेशातली मूल्यांकन संस्था बहुतेक वेळा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, थेट विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून मागते. स्वतः पाठवलेली प्रत नाकारली जाते. कॉलेज स्वायत्त होण्याआधीच्या बॅचेसची पदवी मुंबई विद्यापीठाची, म्हणजे फेऱ्या विद्यापीठाच्या कलिना संकुलाच्या. साठीतल्या माणसाला टोरांटोत बसून हे कसं जमणार? माटुंग्यातला एखादा ज्युनियर अधिकारपत्र, ओळखपत्राची प्रत आणि सगळ्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन गेला तर काम मार्गी लागतं. अशी दोन-तीन पोरं निघण्याआधीच हेरून ठेव, आणि फी व रिक्षाभाडं आगाऊ द्यायचं हे दोन्ही बाजूंना स्पष्ट सांग. एकदा असं काम झालं की ते सर त्या पोराचा रेझ्युमे आपणहून मागतात.

ग्रुप बॅचवार नको, शहरवार कर. बॅचच्या ग्रुपवर वाढदिवस आणि गुड मॉर्निंग चालतं, तिथे चाळीस वर्षांनी मोठा माणूस येणार कुठून! ॲडमिन दोन ठेव, एक जुना, एक नवा. कॉल शनिवारी मुंबईच्या संध्याकाळी साडेसातला ठेव; टोरांटोत तेव्हा हिवाळ्यात सकाळचे नऊ, उन्हाळ्यात दहा. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्या आठवड्यात आठवण पाठव, नाहीतर निम्मे लोक तासभर चुकतात.

पैसे द्यायचे झाले तर भारतीय नागरिक असेपर्यंत स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की धरली जाते, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. मग घेणाऱ्या संस्थेकडे परदेशी निधी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी लागते. जुन्या मंडळींकडून शिष्यवृत्तीसाठी वर्गणी काढशील तेव्हा पैसे घेण्याआधी प्रत्येकाला नागरिकत्व विचार. एकत्र जमवून तुझ्या खात्यातून पाठवू नकोस. ज्याने त्याने थेट संस्थेला द्यावेत आणि पावती आपल्या नावावर घ्यावी.