ईर्षा, ईर्ष्या आणि आडव्या फळ्यांची खिडकी

प्रश्न असा आला आहे: ‘आलँ रोब-ग्रिये या फ्रेंच कादंबरीकार-दिग्दर्शकाच्या कारकिर्दीवर मराठीत लेख लिहितो आहे. त्यांच्या १९५७ च्या “ला जालुझी” या कादंबरीचं नाव मी “मत्सर” असं दिलं. संपादकांनी ते खोडून “ईर्षा” केलं. कोणाचं बरोबर?’

दोघांचंही नाही. मत्सर, हेवा, असूया, ईर्षा हे सगळे शब्द एकाच पिशवीत कोंबून हाताला लागेल तो बाहेर काढायची जी सवय हल्ली लागली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. मैत्रिणीच्या सहलीचे फोटो पाहून ‘जेलस झाले’ म्हणणाऱ्या मुलीला हेवा वाटलेला असतो, मत्सर नव्हे. कोणी चांगलं गायलं की ‘पण उच्चार बघा ना’ म्हणणारा असूया करत असतो. पाणिनीच्या एका सूत्रावर काशिकाकारांनी, म्हणजे त्याच्या व्याकरणावर ‘काशिका’ ही टीका लिहिणाऱ्यांनी, असूयेची व्याख्याच दिली आहे: गुणेषु दोषाविष्करणम्. गुण दिसत असताना दोष उकरून काढणं. इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि आपण तो मत्सराचा जरा भारदस्त पर्याय म्हणून वापरतो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो ऐकून कान किटले आहेत. फ्रेंचमध्ये ‘जालुझी’ म्हणजे आडव्या फळ्यांची खिडकीही. त्यावरून ‘हा तर आपलाच जाळी शब्द, तिकडे जाऊन जालुझी झाला’ असं छातीठोकपणे सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. संस्कृत ‘जाल’चा इथे काडीमात्र संबंध नाही. फ्रेंच ‘जालू’ म्हणजे जोडीदारावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणारा. त्याचं मूळ उत्तरकालीन लॅटिन ‘झेलोसुस’ आणि त्यामागे ग्रीक ‘झेलोस’. भावनेचं हे नाव इटलीत खिडकीला चिकटलं, आतून बाहेरचं दिसावं आणि बाहेरून आतलं दिसू नये अशा जाळीदार खिडकीला, आणि तिथून ते फ्रेंचमध्ये आलं. स्पॅनिशमध्येही अशा जाळीला ‘सेलोसिया’ म्हणतात. संशय आणि झरोका, दोन्हींना एकच शब्द. ध्वनी जुळला की नातं जुळवायचं ही व्युत्पत्ती नव्हे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. पाणिनीचं सूत्र आहे: क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः. रागावणं, द्रोह करणं, ईर्ष्या करणं, असूया करणं या अर्थाच्या क्रियापदांबरोबर, ज्याच्यावर राग आहे त्याला चतुर्थी लागते. देवदत्ताय ईर्ष्यति. मग काशिकाकार विचारतात, ‘यं प्रति कोपः’ असं मुद्दाम कशाला म्हटलं? आणि प्रत्युदाहरण देतात: भार्यामीर्ष्यति, मैनामन्यो द्राक्षीदिति. तो बायकोबद्दल ईर्ष्या करतो. हिला दुसऱ्या कोणी पाहू नये, असं त्याला वाटतं. इथे राग बायकोवर नाही, म्हणून चतुर्थी नाही, द्वितीया.

‘हिला दुसऱ्या कोणी पाहू नये.’ साधारण सातव्या शतकातल्या व्याकरणग्रंथात, विभक्तीचा एक बारकावा पटवण्यासाठी लिहिलेलं हे वाक्य. जालुझी नावाच्या खिडकीचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही युरोपीय कोशात वाचलेलं नाही. इटालियन सुताराने फळ्या ठोकून जे केलं ते इथे एका विभक्तीने केलं आहे.

आणि रोब-ग्रियेंची कादंबरीही तीच आहे. केळीच्या मळ्यातलं घर. बायकोचं नाव फक्त ‘आ’ आणि पुढे टिंबं. शेजारचा मळेवाला फ्रांक वरचेवर जेवायला येतो. नवरा? तो ‘मी’ असा एकदाही बोलत नाही. टेबलावर मांडलेल्या ताटांवरून, व्हरांड्यातल्या खुर्च्यांवरून कळतं की तिथे आणखी एक माणूस आहे आणि तो पाहतो आहे. सुरुवात होते खांबाच्या सावलीने: छपराचा नैर्ऋत्य कोपरा पेलणाऱ्या खांबाची सावली व्हरांड्याच्या कोपऱ्याचे दोन समान भाग करते. पुढे केळीच्या झाडांच्या ओळी एकेक करून मोजल्या जातात, भिंतीवर चिरडलेल्या गोमेचा डाग पुन्हा पुन्हा येतो. रोब-ग्रिये मुळात शेतीतज्ज्ञ; मार्तिनिकसारख्या वसाहतींत केळीवर काम केलेला माणूस. झाडं मोजणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि संशयी माणूसही मोजतोच.

माझ्या आजोळी गिरगावात अशी खिडकी होती. आडव्या हिरव्या पट्ट्या, मधोमध एक उभी दांडी. दांडी खाली ओढली की पट्ट्या मिटायच्या, वर सारली की उघडायच्या. अर्धवट ठेवली तर रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. आजी तिला झिलमिली म्हणायची. दुपारी तिथे बसून आम्ही चपलांवरून माणसं ओळखायचो. कादंबरी पहिल्यांदा वाचताना मला ती दांडी आठवली. नवऱ्याला जे दिसतं ते असंच पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. मधलं त्याने स्वतः भरायचं, आणि तो सगळ्यांत वाईट तेच भरतो.

आता ‘ईर्षा’. संपादकांनी तो शब्द घातला, आणि मला खात्री आहे की शुद्धलेखनवाले लगेच ‘ईर्षा हा अपभ्रंश, शुद्ध रूप ईर्ष्या’ म्हणून धावून येतील. त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. मराठीत ‘ईर्षेने अभ्यास केला’, ‘दोन्ही गावं ईर्षेला पेटली’ असं आपण म्हणतो. यात चुरस आहे, जिद्द आहे. कोणी कोणाला पाहू नये हा भाव औषधालाही नाही. जे कोश ‘ईर्षा = मत्सर’ एवढ्यावर थांबतात, त्यांनी बोलती मराठी ऐकलेली नाही. संस्कृतातली ईर्ष्या तिघांची असते: पाहणारा, पाहिली जाणारी आणि तो ‘दुसरा’. मराठीने मधलं माणूस काढून टाकलं आणि दोघांची चुरस उरली. य गळला तो उच्चाराच्या आळसाने असेल, पण अर्थ बदलला तो आळसाने नव्हे.

गंमत पुढे आहे. ग्रीक ‘झेलोस’चा प्रवास नेमका उलटा झाला. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात शेजाऱ्याला श्रीमंतीच्या मागे धावताना पाहून शेजारी ईर्षेला पेटतो. तिथलं क्रियापद झेलोसचंच, आणि हेसिअड त्याला चांगली स्पर्धा म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलनेही झेलोस म्हणजे दुसऱ्याचं पाहून आपणही मिळवावं ही उमेद, आणि दुसऱ्याचं बघवत नाही ते वेगळं, असा भेद केला आहे. हाच शब्द पुढे लॅटिन आणि फ्रेंच ओलांडत संशयी नवऱ्याच्या खिडकीशी येऊन थांबला. आपला शब्द नवऱ्यापासून निघून कुस्तीच्या आखाड्यात गेला, त्यांचा आखाड्यातून निघून नवऱ्याकडे. माझं मत असं की हे दोन्ही शब्द मुळात एकाच उष्णतेची नावं आहेत. ती कोणाकडे वळते एवढंच भाषा ठरवते. कोणाला हे मत फार ताणलेलं वाटलं तर वाटो, मी ते सोडणार नाही.

आता मूळ प्रश्न. मराठीने संशयी नवऱ्यासाठी शब्द केव्हाच ठरवलेला आहे, आणि तोही फ्रेंच माल हाताळताना. मोलिएरच्या एका प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक केलं आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी फाल्गुनराव उभा केला. १९१६ मध्ये त्याचं संगीत नाटक झालं तेव्हा देवलांनी नाव दिलं ‘संशयकल्लोळ’. मत्सरकल्लोळ नाही, ईर्षाकल्लोळ तर नाहीच. ‘बायकोचा मत्सर करतो’ म्हटलं की मराठी माणसाला बायकोची नोकरी नवऱ्यापेक्षा मोठी आहे असं वाटतं. काशिकेतली द्वितीया आपल्याकडे उरली नाही; तिचं काम ‘बायकोवर संशय घेतो’ मधलं ‘वर’ करतं.

खिडकीचं काय? रिचर्ड हॉवर्डच्या इंग्रजी भाषांतराने १९५९ मध्ये ‘जेलसी’ एवढंच ठेवलं आणि खिडकी गमावली. जर्मन भाषांतरकार एल्मार टोपहोफेन जास्त प्रामाणिक. त्याने दोन्ही शब्द लिहिले: ‘डी जालुझी ओडर डी आयफरझुख्ट’, म्हणजे खिडकी अथवा संशय. ‘अथवा’ घातलेली नावं जुन्या मराठी नाटकांना नवी नव्हती. ‘झडप’ हा शब्द काही जण सुचवतील, खिडकीचीही आणि घालायचीही म्हणून. पण या कादंबरीतला नवरा कधीच झडप घालत नाही. तो बसून पाहतो.

तेव्हा लेखात ‘झिलमिली अथवा संशय’ लिहा. आणि लेख कारकिर्दीवर आहे, तर रोब-ग्रियेंनी लिहिलेल्या १९६१ च्या ‘मारिएनबाद’च्या पटकथेवर सगळी जागा खर्च करू नका, तो चित्रपट आलँ रेनेचा. रोब-ग्रियेंनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९६३ चा ‘लिमॉर्तेल’. तो इस्तंबूलमध्ये घडतो, आणि त्यातला माणूसही पट्ट्यांच्या खिडकीआडून बाहेर पाहत उभा असतो.